टोकाला रुंदी नसते

जमीन सगळ्यांच्या मालकीची असली, की ती कोणा एकाच्या पायाखाली येऊ नये याची काळजी कोणीतरी घ्यावीच लागते. रॉकी पर्वताच्या आमच्या बाजूला ही काळजी वन्यजीव खातं घेतं. खात्याबद्दल वाईट बोलणारे लोक गावात आहेत (त्यांना अजून परवाना मिळालेला नाही) आणि चांगलं बोलणारेही आहेत (ते खात्यात नोकरीला आहेत).

डेल्मर ह्यूगली या दोन्हींत मोडत नव्हता. तो शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर होता आणि नियमांवर त्याचा जीव होता. नर एल्कच्या शिकारीचा परवाना आमच्याकडे सोडतीने मिळतो. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अंगापिंडाने दांडगा चुलता.) सोडतीत नाव लागलं नाही की सांत्वन म्हणून एक गुण मिळतो, आणि ज्याचे गुण जास्त त्याची आशा जास्त. जो सर्वांत जास्त वेळा नापास झाला तो पहिला, अशी ही जगातली एकमेव गुणवत्ता यादी असावी. डेल्मरने पहिला अर्ज भरला तेव्हा त्याला डोंगर चढता येत होता. यंदा नाव लागलं तेव्हा त्याच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि पुढच्या मोसमात बंदूक घेऊन हिंडायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरुणपणी परवाना दिला तर माणूस खरोखरच शिकार करतो आणि एल्क कमी होतात. खात्याच्या या दूरदृष्टीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

त्याच्या बायकोने, नॉरीनने, तळघरातला मोठा फ्रीझर रिकामा करून पुसून ठेवला. गेल्या वर्षीचं विकतचं मांस शेजाऱ्यांत वाटून टाकलं.

"हे बघ डेल, हिवाळाभर मी रिकाम्या फ्रीझरची घरघर ऐकणार नाही."

"आणतो गं."

"मागे ट्राउट मासे आणतो म्हणालास आणि सर्दी घेऊन आलास."

परवाना विभाग तेराचा होता. नकाशात तो पिवळा होता, आणि पिवळं म्हणजे जनतेचं. त्याच्या भोवती पांढरं होतं, आणि पांढरं म्हणजे एका गृहस्थांचं, जे वर्षातून एकदा हेलिकॉप्टरने येऊन निसर्ग बघतात. रस्त्याकडेला जनतेचा आणखी एक चौकोन होता, विभाग बारा. बारा आणि तेरा हे बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखे एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात. तिथे जमिनीत एक लोखंडी खुंटी ठोकलेली आहे.

आत जायचं कसं, असं डेल्मरने खात्याला फोन करून विचारलं. खात्याने अत्यंत सौजन्याने सांगितलं, की बारामधून तेरामध्ये जायची पूर्ण मुभा आहे, फक्त जाताना दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या जमिनीवरच्या खासगी हवेत शिरू नये. ओलांडायचं ते टोकावरून. टोकाला रुंदी नसते, हे भूमितीत सिद्ध झालेलं आहे. डेल्मरला मात्र ती होती, आणि नॉरीनच्या हातची ॲपल-पाय खाऊन ती वाढलेली होती. खात्याच्या माहितीपत्रकानुसार दहापैकी नऊ शिकाऱ्यांना 'संधी' उपलब्ध आहे. (उरलेला एक संधी घेऊन आत गेला. तो सध्या कोर्टात असतो.)

मोसमाच्या शेवटच्या दिवशी डेल्मर बारामध्ये, खुंटीच्या थोडं अलीकडे, झुडपाआड घडीची खुर्ची टाकून बसला. एक थोराड नर रोज संध्याकाळी याच कोपऱ्यावरून उतरून नॉरीनच्या परसातली सफरचंदं खायला येतो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. (परसात त्याला मारता येत नाही. परस बाराला लागून आहे आणि परवाना फक्त तेराचा.) तो तेरामध्ये असतानाच टिपायचा, पुढचं पुढे बघू, असा बेत होता. शेजारी खात्याचा निरीक्षक हॉलिस ब्रँट उभा होता. लहानपणी तो डेल्मरच्याच बसने शाळेत जायचा.

ऊन कलल्यावर झाडीतून नर निघाला आणि थेट कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. ती शिंगं बघून डेल्मरने बंदूक खांद्याला लावली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते खरंच होतं, जिवंत होतं, नाकातून वाफ सोडत होतं. पुढचे पाय बारामध्ये, मागचे तेरामध्ये, खुंटी बरोबर पोटाखाली. पोटाच्या दोन्ही फुगीर बाजू खासगी हवेत होत्या, पण त्याला समन्स बजावण्याची सोय नाही.

"मारू का रे हॉलिस?"

"सर, काळीज कुठल्या विभागात आहे?"

"काळीज पुढच्या पायांपाशी असतं."

"म्हणजे बारा. तुमचा परवाना तेराचा. तुमच्या वाट्याला मागची बाजू येते."

"ढुंगणावर गोळी घालू? तडफडून मरेल तो!"

"नियमात बसतं, सर."

"अरे, हातभराचा तर फरक आहे. तो जरा मागे उभा होता असं समज की!"

हॉलिस म्हणाला, "आमचं घर थांब्याच्या अलीकडे होतं. बर्फ पडत असायचं, आई दारात उभी असायची. एकदा तरी दारापाशी बस थांबवलीत?"

"थांबा तो थांबा," डेल्मरच्या तोंडून निघून गेलं.

"हो. अगदी असंच म्हणायचात तुम्ही."

डेल्मरने बंदूक खाली केली. पोराला शिकवलेलं वाया गेलं नाही याचा त्याला अभिमान वाटला आणि रडूही आलं. सूर्य मावळला, मोसम संपला. नर सावकाश त्याच्या खुर्चीजवळून सफरचंदांकडे निघून गेला.

"तुझी शिकार माझी सफरचंदं खातेय," डेल्मर घरी पोचताच नॉरीन खिडकीतून म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून कोंबड्या आणून फ्रीझर भरला.

खात्याच्या वार्षिक अहवालात डेल्मरची नोंद 'संधीचा लाभ घेतलेले' या सदरात झाली. त्यामुळे त्याचे गुण शून्यावर आले. हॉलिसने काढलेला फोटो नव्या माहितीपत्रकावर आहे: कोपऱ्यावर एल्क, खुर्चीत डेल्मर, आणि वर 'तुमची जमीन, तुमची संधी'.

काही वाचकांना हे हसण्यासारखं वाटेल. त्यांनी जरा बाहेर पडून आपल्या गल्लीतल्या सार्वजनिक बागेचं फाटक ढकलून पाहावं. कुलूप असलं तर निराश होऊ नये, बाग आपलीच आहे. आणि किल्ली कोणाकडे असते हे आजवर एकदाही विचारलं नसेल, तर अभिनंदन. संधीचा लाभ तुम्ही अजून घेतलेला नाही, तेव्हा तुमचे गुण डेल्मरपेक्षा जास्त भरतील.