खेडकर सरांचा चिनी वर्ग

खेडकर सरांच्या घरी गेलं की आधी जीभ दाखवावी लागते, पाण्याचा तांब्या नंतर येतो. "काढ बे बाहेर! लाजून काऊन राह्यला?" मग सर चष्मा कपाळावर सरकवून जीभ निरखतात आणि खिन्नपणे सांगतात, "ओल साचली तुह्या अंगात." आमच्या डोणगावातल्या एकूणएक माणसाच्या अंगात ओल आहे. भर मे महिन्यात, नळ कोरडे पडलेले असतानासुद्धा.

सर माझे शेजारी. जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक हिवरा आश्रमात जाऊन बसतात, सर चिनी वैद्यकाकडे वळले. कारण घरातच होतं. काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यातून त्या उठल्या, चालू लागल्या, पण उजवा हात बधिर राहिला. तो हात जागा करायचा, एवढाच सरांचा अभ्यासक्रम.

वर्ग मोबाईलवर भरतो. एक चिनी बाई शिकवतात, खाली हिंदी अक्षरं पळतात. त्यासाठी सर इस्त्रीचा फुलशर्ट घालून खुर्चीत ताठ बसतात. बनियनवर कोणी वर्गात बसतं का? बाई काही बोलल्या की "हाव मॅडम" म्हणतात. मी एकदा मध्ये बोललो, तर माझा कान धरायला उठले.

मग भिंतीवर तक्ता आला. उघडाबंब माणूस आणि अंगभर सुया टोचायच्या जागांचे ठिपके. हळदीकुंकवाला आलेल्या बायांनी कोण्या बाबाचा फोटो समजून त्याला कुंकू लावलं. काकू लाजेने अर्ध्या झाल्या. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या कमरेला उपरण्याचा तुकडा टाचून टाकला. तो काढायची सरांची आजही टाप नाही. त्यामुळे त्यांची विद्या बेंबीपर्यंत येते आणि एकदम गुडघ्यापासून पुढे सुरू होते. मधलं काही दुखत असेल तर, "मेहकरच्या डॉक्टरले दाखव बापा," म्हणतात.

सुयांचा सराव त्यांनी भरताच्या वांग्यावर केला. काकूंनी संध्याकाळी तेच वांगं भाजलं. भरीत इतकं फक्कड झालं की गल्लीत वाटावं लागलं. पण माणसाला सुई लावायची नाही, अशी काकूंनी तंबी दिली. तेव्हापासून सर त्या जागा पेनाच्या मागच्या टोकाने दाबतात.

सरावासाठी माझ्या कोपरावर इतकं दाबून झालं होतं की एकदा मी वैतागलो. "सर, आपल्याकडचे वैद्य मेले काय, तुम्ही चीनले जाऊन राह्यले?"

सर ओरडले नाहीत. "वैद्याले दाखवलं. अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरले दाखवलं. सगळ्यायनं सांगतलं, आता या हातात जान येत नाही. चीनवाल्यायनं अजून नाही म्हटलं नाही, बापू."

मी दुसरा कोपर पुढे केला.

परवा भाजीची वाटी परत द्यायला गेलो, तर ओट्यावर उपचार चालू होता. काकूंचा हात मांडीवर घेऊन सर एकेक जागा दाबत होते, चेहरा दहावीच्या पेपराला बसलेल्या पोरासारखा.

"समजलं काई?"

"हाव. जराक मुंग्या आल्या."

सर ताडकन उठले आणि पुढचा धडा लावायला आत पळाले. मलाही खरंच आनंद झाला. म्हणालो, "काकू, गुण येऊन राह्यला म्हणजे!"

काकूंनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"कायचा गुण रे. लाकूड आहे हात. पण मी नाही म्हटलं का यायले घास उतरत नाही."