जावळाचा बार

राधिकानं संस्कृतीच्या अंघोळीसाठी तापवलेलं पाणी जगदेवनं बंदुकीत ओतलं.

"अहो, लेकराले आता थंड्या पाण्यानं धुऊ काय?"

"काजळी गरम पाण्यानंच निघते," तो म्हणाला आणि पोरीच्या साबणाची वडीही घेऊन अंगणात गेला.

कामरगावच्या मंडळानं यंदा शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी जुन्या वळणाची ठासणीची बंदूक नवी करून आणली होती. गोळी नाही, नुसता बार. रीतसर परवानगी काढलेली. उडवायचा मान जगदेवला मिळाला, म्हणून त्यानं पंधरा दिवस आधीच अकाली पांढऱ्या झालेल्या केसांना मेंदीही लावून घेतली होती. मिरवणूक आठवड्यावर होती, पण काल सरावात मंडळासमोर पहिला बार दणक्यात झाला आणि दुसरा फुसका गेला. नळी प्रत्येक वेळी धुवावी लागते, हे त्यानं रात्री मोबाइलवर पाहिलं. आता दुधाच्या बाटलीचा ब्रश गजाला बांधून तो नळी घासत होता, आणि मालिशच्या तेलाची वाटी शेजारी तयार होती.

राधिका शिकलेली होती, त्यामुळे कशाकशानं काय काय होऊ शकतं हे तिला घरात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. बार भरायची वेळ आली तशी ती पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावलं आणि पोरीच्या कानांवर उशी धरली. मधे एकदा जगदेवचा आवाज आला. दारूवर ठासायला कापडाचा बोळा पाहिजे होता. फडक्यांच्या टोपलीतून घ्या, असं तिनं दाराआडूनच सांगितलं.

मग घर हादरलं. संस्कृती रडली नाही. डोळे मोठे करून आईकडं बघत राहिली. राधिका बाहेर आली तेव्हा अंगणात धूर होता, जगदेव हसत होता, आणि जळक्या केसांचा वास येत होता. धुरातून बारीक, मऊ, काळं काहीतरी तरंगत खाली येत होतं.

तिनं देवघराच्या कोनाड्यात पाहिलं. कोनाडा रिकामा होता.

"बोळा कुठून घेतला तुमी?"

"टोपलीतले फडके ढिले बसत होते. देवापाशी एक मस्त गुंडाळेल होता. असा फिट बसला ना."

ते संस्कृतीचं जावळ होतं. लग्नानंतर बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता, तेव्हा सासूबाईंनी, चतुराबाईंनी, कुळदेवीला नवस केला होता: लेकरू होऊ दे, त्याचं जावळ तुझ्या पायाशी आणून ठेवीन. आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात त्यांनी स्वतः ते बांधलं होतं. उद्या निघायचं होतं, आणि खण-नारळ आणायला त्या आत्ता कारंजाला गेल्या होत्या. सासूबाई रागावतील ते राधिकानं सोसलं असतं. पण नवस फिटला नाही आणि उद्या पोरीला साधी शिंक आली, तरी आपण कुणाकुणाला दोष देत बसू, हे तिला आत्ताच दिसत होतं.

अंगणभर वाकून वेचलं, पण चिमूटभरही हाती लागलं नाही. शेवटी तिनं कात्री आणली आणि जगदेवला पाटावर बसवलं. तो म्हणाला, मिरवणुकीत फेटा असतो म्हणून बरं, नाहीतर तोंड दाखवायला जागा नव्हती. मानेवरचे केस कापून, लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यात बांधून तिनं पुरचुंडी कोनाड्यात ठेवली.

चतुराबाई दुपारच्या एसटीनं आल्या. हातपाय धुऊन देवापाशी बसल्या. निघण्याआधी जावळाला हळद-कुंकू वाहायचं असतं, हे राधिकाला ठाऊक नव्हतं. त्यांनी गाठ सोडली आणि केस बोटांनी पसरून पाहिले.

"राधिका, लेकराच्या केसाले मेंदी कोनं लावली वं?"

चतुराबाईंनी एक केस उजेडात धरला. मुळाशी तो पांढरा होता. मग त्यांनी वळून मागे उभ्या जगदेवच्या मानेकडं पाहिलं.

सगळं सांगावं लागलं. त्या ऐकत असताना कुंपणापलीकडची आवडाबाईही आली. तिच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर केस पडले होते आणि ती भांडायलाच निघाली होती. पण गोष्ट अर्ध्यावर आलेली पाहून तिथंच टेकली.

"आई, आता काय होईन?" राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चतुराबाईंनी जगदेवला विचारलं, "तोंड कोनीकडं होतं बंदुकीचं?"

"वर. थोडं डोंगराकडं."

"देवीच्या डोंगराकडं?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. आपण एसटीत धक्के खात नेणार होतो ते जावळ पोरीच्या बापानं तोफेच्या सलामीनं पोचतं केलं, असं त्या शांतपणे म्हणाल्या. उद्या फक्त खण-नारळ न्यायचा. इतका स्वस्तात सुटलेला गुन्हा राधिकाला खरा वाटेना.

आवडाबाई कुरड्यांचं काही न बोलताच घरी गेली. सकाळी खण-नारळ घेऊन सगळे निघायच्या बेतात होते, तर ती नातवाला, आदर्शला, कडेवर घेऊन दारात उभी. दुसऱ्या हातात पुरचुंडी होती.

"याचं जावळ वर्षापासून घरीच पडेल आहे. जाणं काही होऊन नाही राह्यलं," ती चतुराबाईंना म्हणाली. "आन बाई, जगदेवले म्हना दारू जरा जास्तच आनजो. मी रातीच बहिनीले फोन केला. थे बी येऊन राह्यली, आन तिचे नातू जुळे आहेत."