बोरसे साहेब आणि कोंबड्या

आमच्या सूत गिरणीचे शिफ्ट इनचार्ज बोरसे साहेब कोंबडीला घाबरत. म्हणजे जिवंत. शिजलेली असली की रस्सा भुरकून खात.

गिरणी वापीकडच्या गलोंडा गावात, तिथे दारोदार कोंबड्या. नव्वद किलोचा हा माणूस, ऑपरेटरला "टाइमपास मत कर" म्हणून झापणारा, कोंबडी दिसली की माझ्यामागे दडे. मी पंचावन्न किलोचा. "घाबरत नाही हो कुलकर्णी," खांद्याआडून आवाज येई, "तिचा भरवसा नसतो." लहानपणी कोंबड्याने गालाला टोचलं होतं म्हणे. त्यांचा स्वभाव पाहता मला कोंबड्याचा फारसा राग आला नाही.

मार्चमध्ये ते अचानक वापीला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊ लागले. बाईंचं म्हणणं सरळ होतं. पळालात की भीती बळावते. जागेवर थांबलात तर ती चढते आणि आपोआप ओसरते. आधी कोंबडीचं चित्र बघायचं, मग आवाज ऐकायचा, मग लांबून खरी कोंबडी, मग जवळून, शेवटी हात लावायचा. साहेबांनी याचा गिरणीसारखा तक्ता बनवला. 'भीती, दहापैकी' असा रकानाही आखला. चित्राला त्यांनी नऊ दिले. मी दोन दिवस हसत होतो.

सहाव्या आठवड्यात त्यांच्या घरमालकीणबाईंनी पाटीखाली कोंबडी झाकून आणली. साहेब घामाने निथळले, पण उठले नाहीत. वीस मिनिटांनी तिच्या पाठीला एक बोट लावलं आणि लॉटरी लागल्यासारखे माझ्याकडे बघू लागले.

"एवढा खटाटोप कशासाठी?" मी विचारलं.

"आई कोंबड्या पाळते," ते म्हणाले. "अकरा वर्षं मी घरात गेलो नाही. ती रस्त्यावर येऊन भेटायची. आता तिचा खुबा मोडलाय."

रविवारी मीच त्यांना गाडीने धुळ्याकडच्या त्यांच्या गावी नेलं. फाटकाशी ते बराच वेळ थांबले, मग दात आवळून आत शिरले. अंगणात एकही कोंबडी नव्हती.

"इकी टाक्यात रे," खाटेवरून म्हातारी म्हणाली. "तू येनार व्हता ना."

खाटेपाशी बसलेली शेजारीण हळूच म्हणाली, "दिवसभर कोंबड्यांशीच बोलायच्या."

कुणाला विकल्या, एवढंच विचारून साहेब बाहेर पडले. मी सोबत निघालो तर हाताने थांबवलं. अर्ध्या तासाने परतले तेव्हा दोन्ही काखांत एकेक कोंबडी होती, चेहरा पांढराफटक, शर्ट भिजलेला. खाटेजवळ त्यांनी त्या खाली सोडल्या आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. म्हातारी आधी कोंबड्यांशी बोलली, मग साहेबांशी.