कल्लप्पाअण्णांचा रेडिओ पास होत नाही

तारीख पाच बहमन. निजामी दफ्तरात हा महिना लिहायचा. घरच्या भिंतीवर डिसेंबर. हजर: मी, शिपाई दस्तगीर, एक रेडिओ आणि कल्लप्पाअण्णा. गैरहजर: आवाज.

ही नोंद शाळेच्या वहीतली. गुलबर्ग्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेची मी मुख्याध्यापिका, आणि घडेल ते लिहून ठेवायची मला खोड. एका तुरीच्या व्यापाऱ्यानं आपला जुना रेडिओ शाळेला दिला होता. तो बोलेना, म्हणून रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेल्या अण्णांना बोलावलं.

आल्याआल्या ते म्हणाले, "बाई, आज वार कोणता?"

"गुरुवार."

"बराबर. आता पेटी दाखवा."

अण्णा फक्त स्वतःला उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारत. भाजीवालीनं दोन आणि तीन पाच म्हटलं, तरच वांगी घेत. मुलीला बघायला आलेल्या स्थळाला त्यांनी बापाचं नाव तीनदा विचारलं. बाप शेजारीच बसला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, म्हणून लग्न जमलं.

"आत काय घातलं ते ठाऊक पायजे," ते म्हणत, "मग बाहेर काय आलं ते बघायचं. मानूस असो का पेटी."

रेडिओ दोन दिवसांत बोलायला लागला. आत एक तार सुटली होती, एवढंच. पण अण्णांच्या हिशेबी बोलणं वेगळं आणि पास होणं वेगळं. तपासणीच्या तीस बाबी त्यांनी सांगितल्या. मी रेघा मारून यादी केली. रेडिओ देणारे शेटजी पुढच्या शनिवारी येणार होते. तोवर पेटी नीट वाजली नाही, तर ती उचलून मेव्हण्याला देणार होते.

तपासणीची रीत अशी: अण्णा पलीकडच्या खोलीत बसून तारखात्यातली, तारा पाठवायची जुनी कळ दाबणार. ठोके तारेतून रेडिओत येणार. इकडच्या माणसानं ते मोजून सांगायचे. मी दस्तगीरला बसवलं.

"हे चालत न्हाई," अण्णा म्हणाले. "ह्यो दाराच्या फटीतनं माझा हात बघायलाय आन् आकडा सांगायलाय."

"तुमी लई बारीक ठोकायलाव, मी काय करू?" दस्तगीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अण्णा बायकोला घेऊन आले. नीलक्का. मी चाटच पडले.

"अण्णा, अक्कांना तर ऐकू येत नाही."

"म्हणूनच की. कान आपल्याला पायजे तेच ऐकतंय, बाई. हात खोटं बोलत न्हाई."

अक्कांनी पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चार."

पलीकडून उत्तर आलं, "बराबर."

त्या एकदाही चुकल्या नाहीत. एकदा तर म्हणाल्या, "आत काय तरी थरथरायलंय." उघडून पाहिलं तर काचेचा एक दिवा सैल झालेला.

दस्तगीरनं मला सांगितलं, की तापात अक्कांचे कान गेले आणि तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. लोक त्यांच्याशी ओरडून बोलत, त्याची त्यांना लाज वाटे. अण्णांनी मग त्यांना तारेची कट्ट-कडकट्टची अक्षरं शिकवली. दोघं तळव्यावर ठोके देऊन बोलत.

शाळेत कुणी ओरडलं नाही. मधल्या सुट्टीत मुली अक्कांच्या हाताशेजारी हात ठेवून ठोके मोजत आणि हरत. अक्का खो खो हसत. पैज अक्का जिंकत, पण कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हरलेल्यांनाच मिळे.

यादी एकोणतीसवर येऊन अडली. तिसावी बाब खरखर. छपरावर उंच चढवलेली एरियलची तार काढली की खरखर जायची. जोडली की यायची.

"वरनं यायलंय," अण्णा म्हणाले.

"ढग असतील," दस्तगीर म्हणाला. आभाळ लख्ख होतं.

"आत काय यायलंय तेच ठाऊक न्हाई. मग पास कामून करू?"

"अण्णा, शनिवारी शेटजी येणार."

"म्हणून खोटी सही करू व्हय, बाई?"

मला राग आला. मी तो वहीत लिहिला.

शनिवारी शेटजी आले. अण्णांनी त्यांनाही सोडलं नाही.

"शेटजी, आज वार कोणता?"

"शनवार."

"बराबर. बसा."

रेडिओवर गाणं लागलं. मुली श्वास धरून ऐकत होत्या, शेटजी मान डोलवत होते, आणि अक्का पेटीवर हात ठेवून बोटांनी ताल धरत होत्या. ताल बरोबर होता. शेटजींनी यादी मागितलीच नाही. "पेटी तुमचीच," म्हणाले आणि गेले.

अण्णांनी कळ फडक्यात बांधली. गाठ मारायला बराच वेळ घेतला.

"झालं काम, बाई. उद्यापास्नं आमी कशाला येऊ."

मग त्यांनी अक्कांचा हात धरला आणि तळव्यावर ठोके दिले. अण्णांनी आणलेला तारेच्या अक्षरांचा तक्ता इतके दिवस माझ्याच कपाटावर टांगलेला होता, आणि समोर यादी असली की ती मला पाठ होतेच. एकेक अक्षर मला लागत गेलं.

करमलं का इथं?

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न अण्णांनी विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. उत्तर येईपर्यंत ते फरशीकडं बघत उभे होते.

"करमलं की," अक्का सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "उद्या किती वाजता यायचं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी वही उघडली.

"अण्णा, तीस नंबर राहिलाय."

"बराबर," ते म्हणाले. "चार वाजता यावं का, बाई?"

"चार."

निजामी शाळेची शुक्रवारची सुट्टी सोडून दोघं रोज यायला लागले. मुली गाणी ऐकत, अक्का ठोके मोजत, अण्णा तार काढत आणि जोडत. वही माझ्याकडं आहे. एकोणतीस ओळींपुढं अण्णांची सही आहे, तिसावी कोरी. खरखर कुठनं येते ते शोधायचं राहिलंय.