फक्त मधमाश्यांसाठी

लिपोव्का हे गाव बूग नदीच्या अलीकडच्या काठावर, म्हणजे पोलंडमध्ये, म्हणजेच युरोपीय महासंघात वसलेलं आहे. नदीपलीकडे महासंघ संपतो. सालोमेआबाईंच्या वडिलांनी दोन लेकींत वाटणी केली ती अशी: थोरल्या सालोमेआला मधमाश्यांच्या सहा पेट्या, आणि पलीकडे दिलेल्या धाकट्या तेक्लाला सासरच्या अंगणात लावून दिलेली लिंडनची, म्हणजे मधाळ फुलांची, नऊ झाडं. तेव्हा नदीवर होडी चालायची, त्यामुळे वाटणी चोख झाली असं त्यांना वाटलं. पुढे होडी बंद झाली आणि कुंपण आलं. माश्यांना हे कुणी कळवलं नाही.

हंगामाचं पहिलं पोळं दोघी बहिणींनी एका ताटात खायचं, हा घरचा रिवाज. चार वर्षं तो मोडला होता, कारण तेक्लाचा व्हिसा दरवर्षी नामंजूर होई. तेक्ला आता विधवा, गुडघ्यांनी अधू. यंदा तरी तिला आणायचीच, असं सालोमेआबाईंनी मनाशी ठरवलं होतं.

घोटाळा झाला तो मधपाळांच्या नोंदणी अर्जातल्या सतराव्या रकान्यात. 'मधाचा स्रोत' या शब्दांपुढे सगळे 'स्थानिक फुले' लिहून मोकळे होतात. पण मधाबाबत खोटं बोललं की माश्या पेटी सोडून जातात, असा लिपोव्काचा पक्का समज. बाईंनी लिहिलं, 'नदीपलीकडे, बहिणीचं अंगण.'

आठवड्याभरात निरीक्षक झेनोन व्रोना फाइल घेऊन हजर झाले.

"बाई, तुमच्या माश्या रोज महासंघाची हद्द ओलांडतात."

"सगळ्या नाही हो साहेब. नर घरीच लोळत असतात. कामाला बायकाच जातात."

"आणि विनातपासणी परत येतात. मालासकट!"

"मग काय, पासपोर्ट काढू त्यांचे?"

साहेबांनी ही सूचना टिपून घेतली.

पुढच्या सोमवारी पथक आलं. माश्यांचे फोटो काढले, ते सगळे सारखेच आले. ठसे घ्यायला गेले तर पाय सहा आणि बोट एकही नाही. प्रवासाचा हेतू विचारला तेव्हा एका माशीने अधिकाऱ्याच्या नाकावर उत्तर दिलं. माशी आतली की बाहेरची, यावर समितीच्या दोन बैठका झाल्या. जन्म आतला पण खाणं बाहेरचं, सबब विरुद्ध सिद्ध होईपर्यंत बाहेरची, असं ठरलं. निकाल लागेस्तोवर पेट्यांची दारं बंद ठेवण्याचा हुकूम निघाला.

बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. चष्मा लावून त्यांनी नियमांचं बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि समितीपुढे उभ्या राहिल्या. बाहेरच्याला आत नव्वद दिवस राहता येतं, आणि कामकरी माशी उन्हाळ्यात जगतेच मुळी सहा आठवडे. माणशी दोन किलो मध आणायला मुभा आहे, आणि माशी आणते तिळाएवढा. समितीला दोन्ही मुद्दे मान्य करावे लागले. माश्यांना हंगामी कामगारांचा दर्जा मिळाला. कुंपणाला वीतभर भोक पाडून त्यावर पाटी लागली: 'फक्त मधमाश्यांसाठी. वेळ आठ ते चार.' माश्या कुंपणावरूनच ये-जा करत राहिल्या. त्यामुळे भोकातून बेकायदा प्रवेश शून्य, असा अहवाल वर गेला आणि व्रोनासाहेबांना बढती मिळाली.

बाईंनी त्याच मुद्द्यांवर तेक्लाचा अर्ज ठोकला. उत्तर तीन ओळींचं आलं: 'माशी मुदतीत मरते, त्यामुळे ती मागे राहण्याची भीती नसते. अर्जदार मात्र नव्वद दिवसांहून अधिक जगण्याची दाट शक्यता आहे. सबब नामंजूर.'

बाईंनी ते फोनवर वाचून दाखवलं. तेक्ला खो खो हसली.

"ताई, मग डॉक्टरकडून लिहून आणू का, की मी आता टिकत नाही म्हणून?"

"गप गं, अवदसा आठवली का तुला?"

पण तेक्ला खरंच दवाखान्यात गेली. डॉक्टर सज्जन निघाला. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे, आरामात वीस वर्षं काढाल, असं त्याने शिक्क्यानिशी लिहून दिलं. त्या दिवशी मात्र दोघी फोनवर रडल्या.

इकडे भोकाची कीर्ती पसरली. दर रविवारी शहरातून गाड्या येऊ लागल्या. लोक पाटीशेजारी फोटो काढत, मध घेत, आणि 'मधमाश्यांना मोकळं आकाश' या निवेदनाच्या वहीत डोळे पुसत सह्या करत. ते पाहून एका रविवारी बाईंनी शेजारी दुसरी वही ठेवली. वर लिहिलं, 'माझ्या बहिणीला एक पोळं खाण्यापुरतं आत येऊ द्या.'

संध्याकाळपर्यंत पहिल्या वहीत तीनशे बारा सह्या झाल्या. दुसरीत एकच होती, बाईंची.

वाचत सगळेच होते. वाईटही सगळ्यांना वाटत होतं. एका बाईंनी तर सालोमेआबाईंचा हात हातात घेतला.

"फार वाईट वाटतं हो. पण असं एकेकाला सोडत गेलं, तर उद्या सगळेच येतील ना? बरं, याची मोठी बरणी आहे का?"

पहिलं पोळं अजून झाकून ठेवलेलं आहे. वही टेबलावर उघडी असते. पेन दोरीने बांधलं आहे, कारण लोक सही करत नाहीत, पण पेन नेतात. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर मध जरूर घ्या, खोकल्याला उत्तम. वही मधाच्या अगदी शेजारीच आहे. ती दिसली नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.