म्होरं-मागं सत्तर, बाजूला पन्नास

भोरच्या एसटी स्टँडसमोर काळ्या काचांची मोटार उभी राहिली आणि आमचे सोपानअण्णा जवळपास असले, की पुढचं ठरलेलं. अण्णा हातातली पिशवी बगलेत मारणार, मोटारीपाशी जाणार, बोटाच्या पेरानं काचेवर टकटक करणार आणि विचारणार, "आत कोन हाय?"

काच खाली आली, तर आत असेल त्याला आधी नमस्कार. मग, "अशीच ऱ्हाऊ द्या. म्होरं-मागं सत्तर, बाजूला पन्नास. कायदा हाय." नाही आली, तर पुन्हा टकटक. एकदा एका रिकाम्या मोटारीचा भोंगाच सुरू झाला. अण्णा मागं सरले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "आत मानूस न्हाई. गाडीच बोंबलतीया."

अण्णा माझे शेजारी. मी शाळेत मास्तर, ते भाताच्या गिरणीचे मालक. गिरण आता मुलगा बघतो, त्यामुळे अण्णांना सबंध दिवस मोकळा. पांढराशुभ्र लेंगा-शर्ट, कडक टोपी आणि चेहऱ्यावर अशी काही खात्री, की परगावचा माणूस त्यांना आरटीओचे साहेबच समजतो. एका ड्रायव्हरनं तर टकटक ऐकून घाईघाईनं सगळी कागदपत्रं काढून हातात दिली. अण्णांजवळ चष्मा नव्हता. त्यांनी कागद उलटे धरून शांतपणे चाळले, परत दिले आणि म्हणाले, "कागदं झ्याक हायेत. काच तेवढी वाईट."

नियम समजावून सांगायची त्यांची रीत वेगळी होती. "हे बगा, भायेरनं शंभर उजेड निघाला. म्होरच्या आन् मागच्या काचंतनं त्यातला सत्तर आत पोचला पायजे. तीस वाटंत मेला तरी चालतोय. बाजूच्या काचंतनं निम्मा पोचला तरी सरकारची हरकत न्हाई. पर ह्यो वरनं चिकटवलेला काळा कागद? ह्यातनं धा बी पोचत न्हाई!" मग ही टक्केवारी मोटारीपुरती राहीना. हॉटेलातला चहा पातळ असला, की "पन्नास टक्क्यांचा हाय." मी उन्हाचा गॉगल लावून निघालो, की "मास्तर, ह्यातनं तुमास्नी आमी किती टक्के दिसतोय?"

एकदा एका पुढाऱ्याच्या मोटारीवर त्यांनी टकटक केली. काच खाली गेली तर साहेब वडापाव खात होते, मिशीला चटणी. भोवतीचे कार्यकर्ते धावून आले. अण्णा म्हणाले, "जेवा, सायेब, जेवा. पर उजेडात जेवा, चटणी दिसती." साहेब स्वतःच हसले म्हणून निभावलं.

दुसऱ्या वेळेला मात्र निभावलं नाही. सारोळ्याच्या पुलाअलीकडं एका हॉटेलसमोर लग्नाची मोटार थांबली होती. वऱ्हाडी चहाला उतरले होते, नवरी एकटी आत. अण्णांनी टकटक केली. पोरीनं काच खाली घेतली. रडून डोळे सुजलेले. अण्णांनी तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, "काच वर करू नगंस, बाय. रस्त्यावर वळकीचं कुनी दिसलं तर हाक मारता आली पायजे." एवढ्यात नवऱ्याचे मामा आले आणि त्यांनी अण्णांची कॉलर धरली. मी मधे पडून अण्णांना बाजूला आणलं. पण ते मागं वळूनवळून त्या मोटारीकडंच बघत होते. काच पुन्हा वर गेली होती.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की ही नुसती हौस नाही.

मध्यंतरी मी एक जुनी मोटार घेतली. तिच्या काचांना आधीच्या मालकानं काळी फिल्म लावलेली. अण्णा पेढा खायला आले, पण आत बसायला तयार होईनात. "आदी ते सोला." मग उकळतं पाणी आणून आम्ही दोघांनी अंगणात फिल्म सोलायला घेतली. अण्णांनी घरातनं चक्क खुरपं आणलं. खुरप्यानं काचेवर ओरखडे उठत होते आणि माझ्या काळजावरही. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, एवढा कसला हो राग ह्या फिल्मवर?"

ते खुरपं खाली ठेवून मोटारीच्या सावलीला बसले.

अण्णांची बायको, अनसाकाकी, मला आठवत होती ती दारातनं सगळ्या आळीशी बोलणारी बाई. मग तिला अर्धांगाचा झटका आला. डावा हात-पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं, बोलणं अस्पष्ट झालं. पुढं ती आम्हाला दिसलीच नाही. अण्णांच्या मोटारीला काळ्या काचा आल्या, एवढं दिसलं.

"म्या लावल्या," अण्णा म्हणाले. "लोकं बगत्याल, हळहळत्याल, तिला सोसायचं न्हाई आसं माझंच मी ठरवलं. तिला इचारलं न्हाई. हायवेवर पोलिसानं आडवलं, समदा कायदा सांगितला, सत्तर-पन्नास. दंड भरला, पर कागद काढला न्हाई."

काकीचं माहेर वेल्ह्याजवळ, पालीच्या बाजूचं. अण्णा तिला वेल्ह्याच्या बाजारात घेऊन जायचे. मोटार कडेला लावायची, तिनं आतनंच बाजार बघायचा. एकदा तिची लहानपणची मैत्रीण हौसाक्का समोरनं आली. मोटारीपाशीच थांबली. काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिनं पदरानं घाम पुसला, कुंकू सारखं केलं, केस मागं सारले. आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, काकी.

"ही तिला हाका मारतीया. पर हिचा आवाज मलाच कळायचा, भायेर कुठनं जातोय? डावा हात उचलत न्हाई, आन् दार डाव्या हाताला. समद्या काचांची बटनं माझ्या हाताशी, मास्तर. म्या हसत बसलो. म्हनलं, काय गंमत हाय बग, हौसा तुझ्यात तोंड बगतीया. तवर ती म्होरं निघून गेली. त्या पावसाळ्यात हीबी गेली."

 मी विचारलं, "हौसाक्कांना सांगितलंत?"

"न्हाई. कुठल्या तोंडानं?"

"चला," मी म्हणालो.

अर्धवट सोललेल्या काचांनिशी आम्ही वेल्ह्याला गेलो. नसरापूर मागं पडलं तशी अण्णांनी आपल्या बाजूची काच खाली घेतली. हौसाक्का अंगणात उडीद पाखडत होत्या. "या दाजी," म्हणून त्यांनी घोंगडं टाकलं. अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. मोटार, काच, कुंकू, बटण. सांगून झाल्यावर टोपी काढून हातात धरली.

हौसाक्कांनी सुपातल्या उडदातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाल्या, "मी समद्यांस्नी सांगत फिरले, अनसा बदलली. बाजारात येती पर गाडीतनं उतरत न्हाई, मोटार आली आन् वळख इसारली म्हनले. वाईट बोलले तिला."

"तिचा दोस न्हाई."

"आता कळलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "माझ्याकडं बगून काय बोलली का?"

अण्णा आठवायला लागले. "निघताना म्हनली, हौसा लई वाळलीया. तिला काय तरी झालंय. दवाखान्यात न्या म्हनावं." ते अडखळले. "म्या म्हनलं, तिचं तिला बगू दे. तू तुझं बग."

हौसाक्कांनी पदर तोंडाला लावला. मागं त्यांची सून दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं न बघताच त्या म्हणाल्या, "त्या साली मला रोज कनकन यायची, दाजी. अन्न जात नव्हतं. टीबी निघाला, पर लई उशिरा. एक फुप्फुस गेलं. घरात येवडी मानसं, कुनाच्या ध्यानात आलं न्हाई."

अण्णा जमिनीवर बसले, घोंगड्याच्या बाहेरच. हौसाक्का उठल्या, धाप लागली म्हणून खांबाला धरून क्षणभर थांबल्या, आणि चुलीकडं चहा ठेवायला गेल्या.