विनापरवाना खांब

निसर्गाला सरळ काही जमत नाही. जे सरळ असतं ते माणसानेच केलेलं असतं आणि बहुधा परवानगी न घेता, हे अतिक्रमण निर्मूलन खात्याचं मूलतत्त्व आहे. त्यामुळे एका निर्जन रानाच्या आकाशातून काढलेल्या फोटोत, डोंगराच्या कुशीत खेटून उभे असलेले सहा-सहा बाजूंचे काळे खांब दिसले, तेव्हा खात्याने आपल्या सर्वांत कर्तव्यकठोर निरीक्षकांना तिकडे धाडलं.

निरीक्षक खरोखरच कठोर होते. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची गॅलरी पाडली होती. (मेव्हणा तेव्हा गॅलरीत चहा पीत होता. त्याला कप संपवू दिला, एवढी माणुसकी खात्यात आहे.) तेव्हापासून बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोले, आणि काम फारसं निघत नसे.

जीप सोडून, काट्याकुट्यांतून वाट काढत निरीक्षक खांबांपाशी पोचले. ओळंबा लावला. दोरी आणि खांब यांत केसाचाही फरक नव्हता. उभ्या नोकरीत त्यांनी ओळंब्यातली एकही भिंत पाहिली नव्हती. खुद्द खात्याची इमारतही जरा रस्त्याकडे कललेली होती. ते खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं. (वाऱ्यामुळे, असं अहवालात म्हटलं आहे.)

सोबत भूगर्भशास्त्राच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब होतात. हे ज्वालामुखीचं काम आहे."

"त्यांचा पत्ता?"

"तो केव्हाच विझला."

"म्हणजे मयत. वारस?"

बाई थर्मासचं झाकण घट्ट लावत बसल्या. निरीक्षकांना 'मालक बेपत्ता' असा शेरा मारावा लागला. बेपत्ता मालकाचं बांधकाम पाडायचं असतं, असा नियम आहे.

घरी आल्यावर त्यांनी बायकोजवळ विषय काढला. "मला नाही पाडवणार गं. फार देखणं आहे ते."

"माझ्या भावाची गॅलरी बरी पाडवली," ती म्हणाली. "हे सोडलंत तर कपडे घेऊन तिकडेच राहायला जा."

नियमाप्रमाणे खांबांवर नोटीस चिकटवली गेली. तिची बातमी छापून आली आणि ज्या रानात कुणी फिरकत नव्हतं तिथे माणसांची रीघ लागली. निरीक्षक जड मनाने यंत्र घेऊन पोचले, तोवर प्रत्येक खांबावर नावं कोरलेली होती. त्यांनी हात ठेवला होता तिथे बदाम होता.

बांधकामावर ज्याचं नाव तो मालक, ही खात्याची व्याख्या आहे. आणि मालकांची सुनावणी संपेपर्यंत काही पाडता येत नाही. इतक्या मालकांची सुनावणी संपेपर्यंत नवा ज्वालामुखीही थंड होईल. निरीक्षकांनी यंत्र परत पाठवलं. खांब वाचले होते, पण त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

"म्हणजे दादाने गॅलरीवर सगळ्या गल्लीची नावं लिहून घेतली असती तर ती वाचली असती?" बायकोने विचारलं.

निरीक्षकांनी नियम आठवून पाहिला. "वाचली असती."

त्या रात्री ती एकटीच जेवली.

नोटिसा आता निघाल्या आहेत. पत्ते शोधणं जड गेलं नाही, कारण बहुतेक मालकांनी आपल्या नावाशेजारी उभं राहून फोटो काढले होते आणि जगाला दाखवले होते. दंड अक्षरावर आहे, जोडाक्षराला दीडपट. बदामाचा दंड दोघांत निम्मा-निम्मा, मग आता बोलणं असो वा नसो. आपण असलं काही कधी, कुठेच केलेलं नाही, याची वाचकांना खात्री असेलच. तेव्हा बेल वाजली तर दार निःशंकपणे उघडा. आधी भोकातून पाहायची काय गरज आहे?